छोटी बोट, मोठं इंजिन? जरा थांबा!

दोस्तांनो, आइस्क्रीम वितळलं म्हणून एखादा शोध लागला, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? पण ही गोष्ट अशीच सांगतात. १९०६ सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ओकॉची नावाचं तळं. ओले एव्हिनरूड नावाचा एक तरुण कारागीर मित्रमंडळींबरोबर तळ्याकाठी सहलीला गेला होता. बेस नावाच्या त्याच्या मैत्रिणीला आइस्क्रीमची हुक्की आली. दुकान तळ्याच्या पलीकडे! ओले बिचारा वल्ही मारत गेला आणि आइस्क्रीम घेऊन वल्ही मारत परत आला. भर उन्हात जाऊन-येऊन काही मैलांचं अंतर. तो पोचेपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं होतं!

दुसरा कुणी असता तर हसून विसरून गेला असता. ओलेच्या डोक्यात मात्र विचार घोळू लागला. होडीच्या मागच्या फळीला अडकवता येईल आणि काम झालं की काढून घरी नेता येईल, असं छोटं इंजिन का नसावं? तशी खटपट त्याच्या आधीही काही जणांनी केली होती. पण १९०९ साली ओलेने बाजारात आणलेलं इंजिन लोकांना फार आवडलं. ते होतं दीड अश्वशक्तीचं, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. बेस तोवर त्याची बायको झाली होती. तिने जाहिरात लिहिली, की आता वल्ही फेकून द्या! (हे वाक्य लक्षात ठेवा हं. शेवटी आपण बेसबाईंशी थोडं भांडणार आहोत.)

बोटीच्या बाहेर, मागच्या बाजूला लटकणाऱ्या या इंजिनाला म्हणतात आउटबोर्ड इंजिन. मालवण-तारकर्लीला गेला असाल तर तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. वर झाकण घातलेलं डोकं, खाली पाण्यात गेलेला लांब पाय आणि पायाशी फिरणारा पंखा.

ओलेचं इंजिन दीड अश्वशक्तीचं होतं. आज शेकडो अश्वशक्तीची आउटबोर्ड इंजिनं मिळतात. म्हणजे प्रश्न आता "इंजिन मिळेल का" हा राहिलेला नाही. "माझ्या बोटीला केवढं इंजिन लावू" हा खरा प्रश्न आहे. आणि छोट्या, हलक्या, वेगवान बोटीच्या बाबतीत याचं उत्तर चुकलं तर ते जिवावर बेतू शकतं.

एक बोट, तीन उत्तरं

समजा, तुमचा एक मावसभाऊ अमेरिकेत राहतो. त्याच्या बाबांनी एक जुनी छोटी स्पीडबोट विकत घेतली. लांबी १३ फूट, मागची फळी ५ फूट रुंद, दोघांना बसायला जागा. इंजिन मात्र नाही. मावसभाऊ म्हणतो, "बाबा, ८० अश्वशक्तीचं लावू या! नुसती सुसाट सुटेल!" बाबा म्हणतात, "नको रे, १०चं पुरे." कोण बरोबर?

दोघंही नाहीत! आणि गंमत म्हणजे हे ठरवायला भांडायची गरजच नाही. कागद-पेन्सिल पुरे आहे.

अमेरिकेत १९७१ साली बोटींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्या काळात तिथे बोटींच्या अपघातांत दरवर्षी दीड हजाराच्या आसपास माणसं मरत होती. कायद्यानंतर १९७२च्या अखेरीपासून २० फुटांपेक्षा लहान इंजिनाच्या बोटींवर कारखानदाराने एक पाटी लावायची, असं ठरलं. या बोटीत जास्तीत जास्त माणसं किती, वजन किती आणि इंजिन किती अश्वशक्तीचं, हे त्या पाटीवर लिहिलेलं असतं. इंजिनाचा आकडा काढायचं एक सूत्रही तिथल्या तटरक्षक दलाच्या नियमांत दिलेलं आहे. सूत्र इतकं सोपं आहे, की सहावी-सातवीतल्या मुलांनाही सोडवता येईल.

पहिली पायरी : बोटीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत मोजा आणि त्यांचा गुणाकार करा. आपल्या बोटीचा झाला १३ × ५ = ६५. याला आपण 'गुणांक' म्हणू.

दुसरी पायरी : गुणांक ५२ पर्यंत असेल तर सरळ तक्ता आहे. ३५ किंवा कमी असेल तर ३ अश्वशक्ती, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला साडेसात, ४३ ते ४५ ला १० आणि ४६ ते ५२ ला १५. बोटीचा तळ सपाट आणि कडा धारदार असतील तर एक पायरी खाली उतरायचं.

तिसरी पायरी : गुणांक ५२ च्या पुढे असेल तर बोट कशी आहे, ते आधी पाहायचं.

बोटीला मोटारीसारखं चाक आहे आणि मागची फळी निदान २० इंच उंच आहे? मग गुणांकाची दुप्पट करा आणि त्यातून ९० वजा करा. ६५ × २ = १३०, वजा ९० = ४०. उत्तर : ४० अश्वशक्ती.

चाक नाही, इंजिनाचाच दांडा हातात धरून बोट वळवायची आहे? किंवा मागची फळी २० इंचांपेक्षा बुटकी आहे? मग गुणांकाला ०.८ ने गुणा आणि २५ वजा करा. ५२ – २५ = २७. पाचच्या पटीतला वरचा आकडा घ्यायला परवानगी आहे, म्हणजे ३०.

आणि दांड्याची किंवा बुटक्या फळीची बोट, वर तळ सपाट, कडा धारदार? मग गुणांकाच्या निम्म्यातून १५ वजा. ३२.५ – १५ = १७.५, म्हणजे २०.

पाहिलंत? लांबी तीच, रुंदी तीच, पण उत्तरं तीन : ४०, ३० आणि २०! म्हणजे "१३ फुटी बोटीला केवढं इंजिन?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कशी १३ फुटी बोट?" असं विचारायला हवं.

मावसभावाच्या बोटीला चाक आहे आणि फळी २० इंच उंच आहे, असं आपण धरून चालू. तिची मर्यादा ४०. म्हणजे भाऊ मर्यादेच्या दुप्पट मागत होता!

असं का बरं?

नुसतं सूत्र पाठ करण्यात काय मजा? त्यामागचं कारण कळलं तर मजा.

रुंदीचं कारण सोपं आहे. इंजिन बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला टांगलेलं असतं. ४० अश्वशक्तीचं आजचं फोर-स्ट्रोक इंजिन जवळजवळ शंभर किलो भरतं. म्हणजे एक चांगला जाडजूड पैलवान बोटीच्या मागच्या काठावर कायमचा बसलेला! मागची बाजू रुंद असेल तर पाणी त्याला उचलून धरतं. अरुंद असेल तर मागचा भाग पाण्यात खोल जातो आणि लाट आत यायला वेळ लागत नाही. फळी उंच का हवी, तेही आता कळलं असेल. ती फळी म्हणजे बोटीची मागची भिंतच.

मग चाक आणि दांडा यांच्यात फरक का? चाक असलेल्या बोटीत चालवणारा पुढे किंवा मधोमध बसतो. दांडा धरणाऱ्याला मात्र मागे, इंजिनाशेजारीच बसावं लागतं. म्हणजे पैलवानाशेजारी आणखी एक माणूस! शिवाय जोरदार इंजिन दांड्याला हिसके देतं. एका हाताने ते सावरणं कठीण असतं.

आता सपाट तळ. व्ही आकाराचा तळ वळणावर पाणी कापतो आणि पकडून ठेवतो. सपाट तळाची बोट वळणावर आडवी घसरत जाते, आणि घसरता घसरता तिची धारदार कड अचानक पाण्यात रुतते. धावताना पायात पाय अडकला तर काय होतं? तसंच! बोट जागच्या जागी गिरकी घेते आणि आतली माणसं मात्र पहिल्याच दिशेने फेकली जातात.

बोट पाण्यावर 'चढते' तेव्हा

चपटा दगड तिरपा भिरकावला की तो पाण्यावर टप्पे खात जातो. तोच दगड हातातून नुसता सोडला तर बुडतो. वेगवान बोटीचं रहस्य यातच आहे.

बोट हळू जाते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. पुढे एक लाट उठते, मागे एक उठते आणि बोट त्या दोन लाटांच्या मधल्या खळग्यात अडकते. १३ फुटी बोटीच्या बाबतीत हे साधारण ताशी ९ किलोमीटरला घडतं. इंजिनात पुरेसा जोर असेल तर बोट आपल्याच लाटेवर चढते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत पळू लागते. याला 'प्लेनिंग' म्हणतात.

म्हणून फार लहान इंजिनही उपयोगाचं नाही. इंजिन फारच कमजोर असेल तर बोट लाटेवर चढतच नाही, नाक वर करून पाणी फाडत रखडते आणि पेट्रोल मात्र भरपूर पिते. ओहोटीच्या जोरापुढे किंवा समोरच्या वाऱ्यापुढे ती हतबल होते. दोन माणसं आणि सामान घेऊन बाबांचं १०चं इंजिन त्या बोटीला नीट चढवू शकेल, याची खात्री नाही. तेव्हा बाबांचंही चुकलंच!

दुप्पट इंजिन म्हणजे दुप्पट वेग?

इथे तुमच्यातले बरेच जण फसतील. हलक्या वेगवान बोटींचा वेग अंदाजाने काढायचं एक जुनं सूत्र जॉर्ज क्राउच या अमेरिकन बोट-आराखडाकाराच्या नावाने ओळखलं जातं. किलोमीटर आणि किलोग्रॅममध्ये मांडलं तर ते साधारण असं होतं : अश्वशक्तीला एकूण वजनाने भागा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १९५ ने गुणा. (हा १९५ आकडा आपल्या बोटीसारख्या चपळ बोटींचा. जाड्या-सुस्त बोटींचा कमी असतो.)

आपल्या बोटीत माणसं, इंजिन, पेट्रोल असं सगळं धरून वजन ३६० किलो आहे, असं समजा. इंजिन ४० चं. ४० भागिले ३६० म्हणजे एक नवमांश. त्याचं वर्गमूळ एक तृतीयांश. १९५ चा तिसरा भाग ६५. म्हणजे वेग ताशी ६५ किलोमीटर!

आता २०चं इंजिन लावू. ते जवळजवळ ४० किलोंनी हलकं, म्हणून एकूण वजन ३२०. २० भागिले ३२० म्हणजे एक सोळांश. वर्गमूळ एक चतुर्थांश. वेग ताशी सुमारे ४९ किलोमीटर. शक्ती निम्मी झाली, पण वेग काही निम्मा झाला नाही.

आणि भावाचं ८०चं? ते इंजिन दीडशे किलोंच्या वर असतं. एकूण वजन जाईल ४२५ च्या आसपास. हिशेब करून बघा, वेग येतो ताशी ८५ किलोमीटरच्या जवळ. शक्ती दुप्पट, पण वेग जेमतेम तीस टक्क्यांनी वाढला!

मग वाढलेली शक्ती गेली कुठे? धावणाऱ्या वस्तूतली ऊर्जा वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा शिकाल. ८५ च्या वेगाने धावणाऱ्या त्या जड बोटीतली ऊर्जा ६५ वाल्या बोटीच्या दुप्पट भरते. म्हणजे कशावर आदळली तर दणका दुप्पट. आणि बोटीला ब्रेक नसतात, हे विसरू नका! समोर लाकडाचा ओंडका दिसला आणि हात हलायला एक सेकंद लागला, तर ६५ च्या वेगाने बोट तेवढ्यात १८ मीटर पुढे जाते आणि ८५ च्या वेगाने जवळजवळ २४ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते, यावरून अंदाज करा.

जास्तीचं इंजिन काय काय करतं?

एक : बोट घोड्यासारखी उड्या मारू लागते. नाक वर, नाक खाली, पुन्हा वर. मागे वजन जास्त आणि वेगही जास्त झाला की हे हमखास होतं.

दोन : बोट डावीकडून उजवीकडे झोके खाऊ लागते. फार वेगात व्ही तळाच्या बोटीचा इतका थोडा भाग पाण्याला टेकलेला असतो, की ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डुलते. नवशिक्या चालवणारा चाक उलटसुलट फिरवतो आणि झोके आणखी वाढतात.

तीन : नाकाखाली हवा शिरते. वेग वाढला की ती बोटीला पंखासारखी उचलते आणि बोट मागे उलटते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तळ्यावर डोनाल्ड कॅम्पबेल यांची 'ब्लूबर्ड' ही बोट वेगाचा विक्रम करायच्या प्रयत्नात अशीच हवेत उडाली आणि कॅम्पबेल यांना प्राण गमवावे लागले. ती जेट इंजिनाची बोट होती आणि तिचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास होता. पण हलक्या बोटीला हवेत उचलायला एवढा वेग लागत नाही.

चार : ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वेगात जाताना अचानक इंजिन मंद केलं, तर बोट खाली बसते, पण तिच्या मागून येणारी तिचीच लाट थांबत नाही. ती बुटक्या फळीवरून थेट आत येते. मागे जड इंजिन असेल तर एका लाटेतच काम तमाम!

अर्ध्या सेकंदाची परीक्षा

दोन माणसांच्या, १३ फूट किंवा त्याहून लहान, चाकाच्या वेगवान बोटींसाठी अमेरिकेच्या नियमांत सूत्राशिवाय आणखी एक रस्ता आहे : बोटीची प्रत्यक्ष परीक्षा घ्यायची. सूत्र काही बोट पाहत नाही. उत्तम बांधणीची छोटी बोट सूत्राच्या आकड्यापेक्षा थोडं मोठं इंजिन पेलू शकते. पण ते सिद्ध करून दाखवावं लागतं.

परीक्षा कशी? चालवणारा सरळ जातो आणि अर्ध्या सेकंदात चाक अर्धा फेरा फिरवून तिथेच धरून ठेवतो. इंजिनाचा वेग कमी करायचा नाही. बोटीने काटकोनात वळायला हवं आणि चालवणाऱ्याचा ताबा सुटता कामा नये. आधी कमी वेगात, मग थोड्या जास्त, मग आणखी जास्त. बोट पूर्ण वेगातही पास झाली तर ठीक. नाही झाली तर इंजिन लहान करा. आणि कितीही चांगली बोट असली तरी या रस्त्याने ४० अश्वशक्तीच्या पुढे जाता येत नाही.

हे काम निष्णात माणसं करतात, अंगात जीवरक्षक जाकीट आणि आजूबाजूला मोकळं पाणी ठेवून. तेव्हा घरच्या घरी करून बघायची ही परीक्षा नव्हे, बरं का!

शर्यतवाले तरी काय करतात?

तुम्ही म्हणाल, "शर्यतीत तर मोठ्यात मोठं इंजिन लावत असतील!" नाही हो! परदेशात शाळकरी मुलांच्या मोटारबोट शर्यती होतात. त्यातला एक वर्ग 'जीटी १५' नावाने ओळखला जातो. इंजिन फक्त १५ अश्वशक्तीचं, सगळ्यांना सारखं. त्याच्या वरचा वर्ग 'जीटी ३०', म्हणजे ३० अश्वशक्ती. आधी लहान इंजिनावर वळायला, सावरायला शिका, मग पुढचं.

मोठ्यांचंही तसंच. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर समुद्रात पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या होत्या. त्यातल्या बोटी २८ फुटांच्या, इंजिन प्रत्येकी २५० अश्वशक्तीचं, सगळ्यांना सारखं. जिंकायचं ते इंजिनाच्या जोरावर नाही, चालवण्याच्या कौशल्यावर!

करून पाहा

साबणाची रिकामी चपटी डबी, पाण्याने भरलेलं घमेलं आणि सारखी नाणी घ्या. डबी पाण्यावर तरंगत ठेवा. आता एकेक नाणं डबीच्या मधोमध ठेवत जा. किती नाण्यांनी डबी बुडाली, ते लिहून ठेवा. मग डबी पुसून पुन्हा तरंगवा आणि या वेळी सगळी नाणी एकाच टोकाला ठेवा. कितव्या नाण्याला पाणी आत आलं? शेवटी तोच प्रयोग हाताने हलक्या लाटा करत पुन्हा करा. तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. बोटीच्या पाटीवरचा आकडा इतका जपून का ठेवलेला असतो, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही.

मग इंजिन निवडायचं कसं?

पहिलं काम, पाटी शोधा. पाटीवरचा आकडा ही छप्पर गाठायची मर्यादा आहे. तिथपर्यंत पोचलंच पाहिजे, असं मुळीच नाही. काही राज्यांत पाटीपेक्षा मोठं इंजिन लावणं हा गुन्हाही आहे. पाटी नसेल तर फूटपट्टी घ्या आणि आपलं सूत्र सोडवा.

दुसरं, इंजिनाचं वजन बघा. जुन्या बोटी हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या काळात बनल्या. तेवढ्याच शक्तीचं आजचं फोर-स्ट्रोक इंजिन बहुतेक वेळा जास्त जड असतं. अश्वशक्ती जुळली म्हणजे झालं, असं नाही.

तिसरं, मागची फळी तपासा. जुन्या बोटीत आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. इंजिनाचा सगळा जोर त्या एका फळीवर येतो.

चौथं, कोण चालवणार आणि कुठे, याचा विचार करा. शांत तळ्यावर नवशिक्या मुलाला बरोबर घेऊन जायचं असेल तर मर्यादेच्या बरंच खाली राहणं शहाणपणाचं. आपल्या उदाहरणात २० किंवा २५चं इंजिन बोटीला पाण्यावर चढवेल, ताशी पन्नासच्या आसपास पळवेल आणि मागचा भारही हलका ठेवेल. ४०चं मुरलेल्या हातांसाठी. ८०चं कुणासाठीच नाही.

आणि पाचवं, सुरक्षेची दोरी! वेगवान बोटीत इंजिनाच्या कळीपासून चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जाकिटाला एक दोरी जोडलेली असते. चालवणारा पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर? चालक नसलेली बोट बहुतेक वेळा गोल गोल फिरत राहते आणि फिरता पंखा घेऊन पाण्यातल्या माणसाकडेच परत येते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान वेगवान बोटींत ही दोरी जोडणं सक्तीचं आहे. दोरी असते क्षुल्लक, पण "राहू दे रे, दोन मिनिटांचंच काम आहे" असं म्हणून ती न लावणाऱ्यांनी प्राण गमावले आहेत.

हे सगळं आपल्याला कशाला?

"आमच्याकडे कुठे बोट आहे?" असं तुम्ही म्हणाल. पण सुट्टीत तुम्ही बोटीत बसता की नाही? १८ डिसेंबर २०२४ ची गोष्ट आठवून पाहा. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला होता. पंधरा माणसं गेली. ती बोट आणि आपली १३ फुटी बोट यांत पुष्कळ फरक आहे. तिथे प्रश्न इंजिन मोठं असण्याचा होता, असंही नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी : वेगातल्या बोटीवरचा ताबा सुटला, की शिक्षा फक्त चालवणाऱ्याला होत नाही. शांतपणे बसलेल्या दुसऱ्या कुणालातरी होते.

म्हणून पुढच्या वेळी किनाऱ्यावर स्पीडबोटीत बसाल, तेव्हा आई-बाबांबरोबर एवढं बघा. प्रत्येकाला अंगाला नीट बसणारं जीवरक्षक जाकीट मिळालं का? लहान मुलाला मोठ्याचं जाकीट चालत नाही, ते डोक्यावरून निसटतं. बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं तर नाहीत ना? सगळे मागेच गर्दी करून तर बसले नाहीत? चालवणाऱ्याने सुरक्षेची दोरी लावली आहे का? विचारायला लाजू नका. चांगला चालक अशा प्रश्नाने रागावत नाही. तो रागावला, तर त्या बोटीत न बसलेलंच बरं!

आणि पालकांनो, मुलं "आणखी जोरात, आणखी जोरात!" असं ओरडतात तेव्हा चालकाला "बस झालं" असं सांगणारं कुणीतरी बोटीत हवं. ते काम तुमचं.

अरे हो, बेसबाईंशी भांडायचं राहिलंच की! त्यांनी वल्ही फेकून द्यायला सांगितलं होतं. ओलेच्या नावाची इंजिनं शंभराहून जास्त वर्षं बनत राहिली. २०२० साली ती बनणं थांबलं. पण आजही जाणकार मंडळी सांगतात, की इंजिन कितीही भारी असलं तरी बोटीत एक वल्हं ठेवाच. कारण इंजिन कधीही बंद पडू शकतं, आणि मग किनाऱ्याला लागायला आपले दोन हातच कामाला येतात!